पाखरांच्या नावातली दख्खन

आपल्याकडच्या एका रातव्याचं शास्त्रीय नाव 'कॅप्रिमुल्गस महराट्टेन्सिस' असं आहे. अर्थ सरळ आहे : 'मराठी मुलखातला, शेळ्यांची धार काढणारा'. रातवा धार वगैरे काही काढत नाही. दिवसभर मातीच्या रंगाचा होऊन जमिनीवर बसून राहतो आणि अंधार पडला की जबडा वासून उडता उडता किडे गिळतो. पण गुरंढोरं जिथे असतात तिथे किडे भरपूर, म्हणून तिन्हीसांजेला तो गोठ्याभोवती घिरट्या घालतो. एवढासा पक्षी आणि एवढं मोठं तोंड, ते कशाला? तर आचळं चोखायला, असं जुन्या ग्रीक गुराख्यांनी ठरवून टाकलं. रातवा लुचून गेला की शेळीचं दूध आटतं, ती आंधळीसुद्धा होते, असं ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलं आणि रोमन प्लिनीनं त्याचीच री ओढली. १७५८ साली स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं या पक्ष्यांना तेच नाव देऊन टाकलं. त्यापुढचं 'महराट्टेन्सिस' १८३२ साली जोडलं गेलं ते विल्यम हेन्री साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यामुळे. त्याच्याकडे पुढे सविस्तर येऊच.

आधी नावाची रचना पाहू. शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा, नातलगांत सामाईक. दुसरा त्या एका जातीचा. 'एन्सिस' हा शेवट आला की गावाचं किंवा मुलखाचं नाव समजायचं. रोमन लिपीत शेवटी 'i' आला (मराठीत लिहिताना त्याचा 'ई' होतो) की कुणा पुरुषाचं, 'ae' आला की बाईचं. त्यापुढे पुष्कळदा नाव ठेवणारा माणूस आणि साल लिहिलेलं असतं. गावकावळ्यापुढे 'व्हिएयो, १८१७' असं असतं, तर चिमणीपुढे कंसात '(लिनियस, १७५८)'. एका ठिकाणी कंस आणि दुसरीकडे नाही, हा छापखान्याचा गलथानपणा नव्हे. लिनियसनं चिमणी 'फ्रिंजिला' या प्रजातीत घातली होती, नंतर तिला उचलून 'पॅसर'मध्ये नेलं, म्हणून कंस. कावळा पहिल्या दिवसापासून 'कॉर्व्हस'मध्येच आहे. त्याचं जातिनाम 'स्प्लेन्डेन्स', म्हणजे झळझळीत. आपल्या भाषेनं कावळ्याचं एवढं कौतुक कधी केलं नाही.

व्याकरणाची एक गंमतही सांगायला हवी. लॅटिनमध्ये विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं, अगदी मराठीसारखंच. त्यामुळे प्रजाती बदलली किंवा तिचं लिंग नव्यानं ठरलं की जातिनामाचा शेवट बदलतो. जुन्या पक्षिपुस्तकांत कोकीळ 'युडायनॅमिस स्कोलोपेशिया' आहे, नव्यांत 'स्कोलोपेशियस'. पक्षी तोच आहे, फक्त त्याच्या प्रजातीचं नाव पुल्लिंगी ठरलं.

आणि या 'स्कोलोपेशियस'चा अर्थ काय? वुडकॉकसारखा. वुडकॉक हा युरोपातल्या ओल्या रानात राहणारा, लांब चोचीचा, ठिपक्यांचा पक्षी. कोकिळेची मादी ठिपकेदार असते, म्हणून ही तुलना. ज्या पाखराच्या आवाजावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या काव्यं झाली, त्याच्या शास्त्रीय नावात आवाजाचा मागमूस नाही. असं का झालं हे पाहिलं की बाकीच्या निम्म्या नावांचा उलगडा होतो.

ही नावं ठेवणाऱ्या बहुतेकांनी तो पक्षी जिवंत पाहिलेला नसायचा. इकडे कुणीतरी पक्षी मारायचा, कातडं सोलायचं, आतून सोमलाचा साबण लावायचा, कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची आणि पेटी जहाजावर चढवायची. कित्येक महिन्यांनी ती लंडनला नाहीतर पॅरिसला उघडायची. टेबलावर जे पडायचं त्याला आवाज नसायचा, चाल नसायची, सवयी नसायच्या. उरायचा रंग, शेपटीची लांबी, चोचीचा आकार आणि चिठ्ठीवरचं गावाचं नाव. कधी तर नुसतं चित्रच हाती असायचं. त्यातूनच नाव निघायचं. आपल्या कोतवालाचं घ्या. घरट्याच्या आसपास कावळा फिरकू देत नाही, घारीच्याही पाठी लागतो, त्याच्या आसऱ्याला बाकीची पाखरं त्याच झाडावर घरटी करतात. म्हणून आपण त्याला कोतवाल म्हटलं. शास्त्रात तो 'डायक्रुरस मॅक्रोसर्कस'. पहिल्या शब्दाचा अर्थ दुभंगलेल्या शेपटीचा, दुसऱ्याचा लांब शेपटीचा. शेपटीपलीकडे नजर गेलीच नाही.

महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल. त्याची ठळक खूण म्हणजे हळदीसारखे पिवळे पाय. इंग्रजी नावही पिवळ्या पायांवरूनच आहे. जॉन लॅथम या इंग्रज पक्षितज्ज्ञानं १७९० मध्ये जातिनाम ठेवलं 'फिनिकॉप्टेरस', किरमिजी पंखांचा. खांद्यावर जांभळट गुलाबी रंगाचा एक पट्टा असतो खरा, पण तो शोधावा लागतो. प्रजातीचं नाव 'ट्रेरॉन' मात्र मला आवडतं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ भित्रा, बुजरा असा; होमरनं कबुतरांना लावलेलं हे विशेषण. वडाच्या शेंड्यावर हरियालांचा थवा फळं खात असतो आणि आपण खालून मान वर केली की सगळे एकदम चिडीचूप होतात, पानांत पान होऊन जातात. हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ते विशेषण पटेल.

आपला चातक तर शास्त्रात ख्रिस्ती साधू होऊन बसला आहे. वरून काळा, खालून पांढरा, म्हणून 'क्लॅमेटर जॅकोबिनस'. पॅरिसमधले डॉमिनिकन पंथाचे साधू पांढऱ्या झग्यावर काळा अंगरखा घालत. सां-जाक नावाच्या रस्त्यावर त्यांचा मठ होता, त्यावरून लोक त्यांना 'जॅकोबिन' म्हणत. कोरोमंडल किनाऱ्यावरून आलेल्या पक्ष्याचा वेष पाहून फ्रेंचांना ते आठवले. 'क्लॅमेटर' म्हणजे आरडाओरडा करणारा. मेघाकडे डोळे लावून बसलेल्या चातकाची ही नवी ओळख संस्कृत कवींना कितपत मानवली असती, कोण जाणे.

कातड्यावर विसंबण्याचं सर्वांत प्रसिद्ध फळ न्यू गिनीत पिकलं. तिथले शिकारी स्वर्गीय पक्ष्यांची कातडी विकताना त्यांचे पाय काढून टाकत. युरोपात समज पसरला की या पक्ष्यांना पायच नसतात, ते जन्मभर हवेतच तरंगतात. लिनियसनं जातिनाम ठेवलं 'अपोडा', बिनपायाचा. याच स्वर्गीय पक्ष्यांच्या प्रजातीत त्यानं १७६६ मध्ये आपली साळुंकी नेऊन ठेवली होती आणि तिला 'ट्रिस्टिस' म्हटलं होतं : उदास, निस्तेज. त्या झगमगाटात साळुंकी फिकी दिसणारच, असा माझा तर्क. पुढे तिची प्रजाती बदलली, 'ॲक्रिडोथेरिस', म्हणजे टोळांची शिकार करणारी, असं चपखल नाव मिळालं. पण उदासपणा चिकटला तो चिकटलाच. दिवसभर अंगणात तोऱ्यात चालणाऱ्या आणि भांडणाऱ्या साळुंकीला!

सगळीच नावं अशी टेबलावर जन्मलेली नाहीत. लिनियस आणि त्याच्या मागून आलेल्यांनी प्रजातींसाठी पुष्कळदा जुने लॅटिन-ग्रीक शब्द उचलले, आणि ते शब्द शेतकऱ्यांचे, पारध्यांचे होते. त्यांची घडण आपल्या नावांसारखीच. हुदहुदचं 'उपुपा एपॉप्स' मोठ्यानं म्हणून पाहा. लॅटिन आणि ग्रीक दोघांनी त्याच 'हुप हुप'ची आपापली नक्कल केली आहे. टिटवीची प्रजाती 'व्हॅनेलस'. लॅटिनमध्ये 'व्हॅनस' म्हणजे धान्य पाखडायचं सूप, आणि 'व्हॅनेलस' म्हणजे सुपली. युरोपातली टिटवी उडताना पंखांचा फडफडाट करते, तो पाखडण्यासारखा वाटला असणार. डोळ्यांपुढे तांबडी मांसल झालर असलेल्या आपल्या टिटवीला 'इंडिकस' हे जातिनाम १७८३ मध्ये डच अभ्यासक बोडार्टनं दिलं, आणि ज्या पक्ष्यावरून दिलं तो गोव्याचा होता. म्हणजे शास्त्राच्या दफ्तरात या टिटवीचं मूळ गाव गोवा.

धोबी पक्ष्याच्या नावात तर एक मजेदार घोळ आहे. 'मोटासिला' म्हणजे सतत हलणारी छोटी. रोमन पंडित व्हॅरोनं सांगितलं की ती शेपूट सारखी हलवते म्हणून हे नाव. मध्ययुगात कुणीतरी या शब्दाची फोड चुकीची केली, 'मोटा' म्हणजे हलणारी आणि 'सिला' म्हणजे शेपटी. लॅटिनमध्ये शेपटीला 'सिला' कधीच म्हणत नव्हते. पण चूक रुळली आणि तिच्यावरून नवी नावं पाडली गेली. पांढऱ्या शेपटीच्या समुद्री गरुडाचं 'अल्बिसिला', रेशमी शेपटीच्या पक्ष्याचं 'बॉम्बिसिला'. हिवाळ्यात आपल्या नदीकाठी येणाऱ्या पांढऱ्या धोब्याच्या एका उपजातीचं नाव 'दुखुनेन्सिस' आहे. हा 'दुखुन' म्हणजे दख्खन, आणि ते नावही साइक्सचंच.

हा साइक्स ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत होता. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत तो पेशव्यांच्या विरुद्ध लढला. पेशवाई बुडाल्यावर १८२४ मध्ये मुंबई सरकारनं त्याला दख्खनची आकडेवारी जमवायच्या कामावर नेमलं. गावं किती, पिकं कोणती, पाऊस किती, लोक काय खातात, हे सगळं टिपत तो घाटमाथा आणि देश पालथा घालत होता आणि त्याबरोबर पक्षी, मासे, प्राणीही जमवत होता. परत गेल्यावर १८३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या वृत्तांतात त्यानं दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. कारकुनी आकड्यांच्या मागून आलेली ही यादी मराठी मुलखातल्या पक्ष्यांच्या अभ्यासाचा पायाच म्हणावी लागेल.

तिच्यातली जातिनामं ओळीनं वाचली की पक्ष्यांपेक्षा इतिहासच जास्त दिसायला लागतो. पश्चिम घाटातल्या दाट सदाहरित रानात एक मोठं, मानेवर काळ्या-पांढऱ्या चौकटी असलेलं रानकबूतर आहे, 'कोलंबा एल्फिन्स्टोनी'. हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्याच्या दरबारातला इंग्रज वकील, पुढे १८१९ पासून १८२७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर. त्याच्याच कारकिर्दीत साइक्सला ते आकडेवारीचं काम मिळालं. माळावर टोळीनं कलकलाट करणाऱ्या मोठ्या राखी सातभाईचं नाव 'माल्कमी'. हा जॉन माल्कम, १८१७ च्याच डिसेंबरात महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव करणारा, आणि एल्फिन्स्टननंतरचा मुंबईचा गव्हर्नर. महाबळेश्वरची माल्कमपेठ त्याच्याच नावाची. लाल गळ्याचा, घाटातला देखणा सूर्यपक्षी 'एथोपायगा व्हिगॉर्सी' हा निकोलस व्हिगॉर्सच्या नावाचा. तो त्या लंडनच्या सोसायटीचा चिटणीस. म्हणजे वरचे साहेब आणि छापणारे साहेब, दोघांचीही सोय झाली. मराठ्यांबरोबरच्या शेवटच्या युद्धातली जिंकणारी बाजू पाखरांच्या रूपानं आजही घाटात उडते आहे, आणि हरलेल्यांचा मुलूख रातव्याला मिळाला आहे.

साइक्सला नुसता हुजऱ्या म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. त्याच यादीत लाल चोचीच्या काळ्या बुलबुलाला त्यानं 'गनीसा' हे जातिनाम दिलं आहे. हा आपला गणेश. कुणा गव्हर्नराचं नाव सहज ठेवता आलं असतं. 'महराट्टेन्सिस'ही एकट्या रातव्याचं नाही. पिवळ्या माथ्याच्या सुतार पक्ष्याचं जातिनाम तेच आहे. ते साइक्सच्या कितीतरी आधी, १८०१ मध्ये जॉन लॅथमनं ठेवलं. हा डॉक्टर इंग्लंडमध्ये बसून साऱ्या जगाच्या पक्ष्यांची वर्णनं लिहायचा. त्याच साली त्यानं वेड्या राघूला 'मेरॉप्स ओरिएन्टालिस' म्हटलं. नमुना मराठी मुलखातलाच होता, पण नावात आला नुसता 'पूर्वेकडचा'.

देवादिकांचं म्हणाल तर पिंगळ्याइतकी मोठी वशिल्याची जोडी कुणाला नाही. 'अथीनी ब्रामा' : पहिली ग्रीकांची विद्येची देवता, जिचं वाहनच घुबड होतं असं म्हणायला हरकत नाही, दुसरा आपला ब्रह्मदेव. डच पक्षितज्ज्ञ टेमिंकनं १८२१ मध्ये दिलेलं हे नाव. त्याच्या भावकीतल्या रानपिंगळ्याची कथा निराळी. एफ. आर. ब्लेविट यानं १८७२ मध्ये आताच्या छत्तीसगडात तो मारला आणि ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमकडे धाडला. तोच ह्यूम, जो पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होता. त्याला हा पिंगळा वेगळा वाटला म्हणून १८७३ मध्ये त्यानं नवी प्रजातीच केली, 'हेटेरोग्लॉक्स', निराळं घुबड, आणि जातिनाम 'ब्लेविटी'. पुढच्या काही वर्षांत खानदेशातून आणखी थोडे नमुने मिळाले आणि मग हा पक्षी दिसेनासा झाला. रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज पक्षिसंग्राहकानं १९१४ मध्ये गुजरातेत एक मारल्याची नोंद होती, त्या भागात लोक शोधून थकले. पुढे उघड झालं की माइनर्ट्झहागननं तो नमुना संग्रहालयातूनच चोरला होता, पुन्हा भरून खोटी चिठ्ठी बांधली होती. मूळ पक्षी जेम्स डेव्हिडसननं एकोणिसाव्या शतकात पश्चिम खानदेशात मारलेला. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि तिच्या सहकाऱ्यांनी ती खोटी नोंद बाजूला सारली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागावर गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. चिठ्ठीवरचं गावाचं नाव किती मोलाचं असतं, ते इथे कळतं. ह्यूमचं 'हेटेरोग्लॉक्स' मात्र टिकलं नाही. जनुकं तपासल्यावर तो पिंगळ्यांच्या 'अथीनी'तलाच निघाला आणि ह्यूमच्या नावाभोवती कंस आला.

चिठ्ठी चुकली की काय होतं तेही पाहा. आपल्या लालबुड्या बुलबुलाचं जातिनाम 'कॅफर', म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला. हा बुलबुल तिथला नाहीच. नमुना केप ऑफ गुड होपहून आला असं लिनियसला वाटलं, आणि १७६६ मध्ये तेच छापलं गेलं. त्याच वर्षी सुगरणीचं 'फिलिपिनस' झालं. ती फिलिपीन्सची नाही, पण नावात आहे. दयाळाच्या वाट्याला तर इंग्रजांचा कान आला. 'दयाळ'चं त्यांनी 'डायल बर्ड' केलं, मग एका फ्रेंचानं डायल म्हणजे सूर्यघड्याळ समजून तसं भाषांतर करून टाकलं. लॅटिन जातिनाम 'सॉलॅरिस'. तेही सूर्यावरूनच, लिहिताना चुकलेलं, असा तर्क लढवणारे निघाले. प्रत्यक्षात त्यामागे 'सौलारी' हे इकडचंच नाव होतं.

या चुका दुरुस्त का करत नाहीत? प्राणिशास्त्राच्या नामकरण संहितेनं तसं करायला मनाई केली आहे. सर्वांत आधी छापलेलं नाव ग्राह्य, गणती १७५८ पासून, आणि नाव अयोग्य आहे किंवा अर्थ चुकला आहे म्हणून ते बदलता येत नाही. कारण रोकडं आहे. एकदा अर्थासाठी नावं बदलायला लागलो की प्रत्येक पिढी आपल्या मतीनं बदलेल आणि दोनशे वर्षांच्या नोंदी एकमेकींना जुळेनाशा होतील. पण 'कॅफर'चा प्रश्न नुसत्या चुकीचा नाही. दक्षिण आफ्रिकेत तो शब्द काळ्या माणसांना दिलेली शिवी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांनी जुलै २०२४ मध्ये माद्रिदच्या परिषदेत मतदान घेऊन त्या शब्दावरून आलेली २०० हून अधिक नावं एका अक्षराच्या फरकानं 'आफ्रिकेतली' अशा अर्थाची करून घेतली. प्राणिशास्त्राच्या आयोगानं आदल्याच वर्षी, भावना दुखावतात म्हणून नावं बदलणार नाही, असं जाहीर केलं होतं. अमेरिकेतल्या पक्षितज्ज्ञांच्या संस्थेनं २०२३ मध्ये माणसांवरून ठेवलेली इंग्रजी नावं बदलायचं ठरवलं. लॅटिनला त्यांनीही हात लावला नाही. माझ्या मते 'फिलिपिनस' राहू द्यावं, निरुपद्रवी आहे. 'कॅफर' जावं. वनस्पतिवाल्यांनी करून दाखवलं आणि आभाळ काही कोसळलं नाही.

नवी नावं ठेवायची रीत तर बदललीच आहे. पुण्यात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ रमण अत्रेय यांनी अरुणाचलातल्या ईगलनेस्टच्या रानात एक अनोळखी पक्षी १९९५ मध्ये पाहिला होता. पुढे तो पुन्हा सापडला तेव्हा त्यांनी तो मारला नाही. इतके थोडे पक्षी, त्यातला एक कापूस भरून ठेवायचा कसा? जाळ्यात पकडून मापं घेतली, फोटो काढले, गळलेली पिसं ठेवून घेतली आणि सोडून दिला. २००६ मध्ये त्याच आधारावर वर्णन छापलं. नाव ठेवलं 'लायोसिक्ला बुगुनोरम'. शेवटचा 'ओरम' अनेकवचनी आहे : बुगुन लोकांचा. ते रान ज्यांचं, ती जमात. २०१७ मध्ये दक्षिणेकडच्या पश्चिम घाटातल्या काही गाणाऱ्या पक्ष्यांसाठी नवी प्रजाती करावी लागली, तेव्हा संशोधकांनी तिला 'शोलिकोला' म्हटलं. 'कोला' हा लॅटिन प्रत्यय, राहणारा अशा अर्थाचा. आणि 'शोला' हा घाटमाथ्यावरच्या दाट रानांसाठीचा तमिळ शब्द.